व्हेंडर लिस्टमध्ये नाव लागेपर्यंत: आमची वाटचाल

आमची फर्म नऊ माणसांची. पाइपलाइनचं फॅब्रिकेशन, वेल्डिंग आणि औद्योगिक रंगकाम ही आमची कामं. सुरुवातीची वर्षं मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली गेली. त्यात यादीत नाव त्याचं, घाम आपला, आणि दरातला चांगला वाटा मधल्यामध्ये जातो. थेट काम घ्यायचं तर ‘अप्रूव्ह्ड व्हेंडर’ व्हावं लागतं, म्हणजे कंपनीच्या मंजूर ठेकेदारांच्या यादीत नाव लागावं लागतं, आणि त्यासाठी आता बऱ्याच ठिकाणी पैसे मोजावे लागतात. ते कशाचे, किती वेळा आणि कधी मोजूच नयेत, हे आमच्याएवढ्या किंवा एकट्याने काम करणाऱ्या ठेकेदारांना आधी कळावं म्हणून हे लिहितो आहोत.

फी एकाच जागी भरून संपत नाही. काही कंपन्या स्वतःचं नोंदणी शुल्क घेतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या स्वतः काही घेत नाहीत, पण कागद तपासायचं काम बाहेरच्या पडताळणी संस्थेकडे देतात आणि त्या संस्थेची वार्षिक वर्गणी ठेकेदाराला भरावी लागते. ही वर्गणी माणसांची संख्या, कामातला धोका आणि आपण किती कंपन्यांशी जोडले जातो यावर चढते. शिवाय माणशी खर्च वेगळा: साइटचं इंडक्शन (कामाआधीची सुरक्षा-माहिती), ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी. विम्याची रक्कम वाढवायला सांगितलं तर जास्तीचा हप्ताही याच खात्यात धरायचा. आणि सगळ्यात महाग म्हणजे आपले तास. पहिल्या नोंदणीला आमचे साठच्या वर तास गेले, वर्गणीच्या आकड्यापेक्षा तेच जास्त पडले.

म्हणून पैसे भरण्याआधी आम्ही खरेदी विभागाला तीन गोष्टी लेखी विचारतो. आमच्या प्रकारचं काम येत्या वर्षात निघणार आहे का? ठरावीक रकमेखालच्या किंवा कमी धोक्याच्या कामाला ही नोंदणी माफ आहे का? आणि आमची शिफारस करणारा विभाग कोणता? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर आम्ही थांबतो. यादीत नाव लागणं म्हणजे पीओ (कामाची लेखी ऑर्डर) नव्हे. साइटवरच्या एखाद्या इंजिनिअरला आपण हवे असलो तरच त्या नावाचा उपयोग.

नोंदणीच्या नावाने फसवणूकही होते. मोठ्या कंपनीच्या नावाने मेल येतो, निविदेचा कागद जोडलेला असतो आणि ‘परत मिळणारी अनामत’ दोन दिवसांत भरा असं लिहिलेलं असतं. मेलचा पत्ता मोफत सेवेचा किंवा एका अक्षराने बदललेला, आणि खातं कंपनीच्या नावावर नसलेलं. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून खरेदी विभागाशी बोला आणि मगच पुढचं पाऊल टाका.

नोंदणीसाठी भरायच्या ऑनलाइन प्रश्नावलीत पहिली चूक होते ती कामाचे प्रकार निवडताना. काम जास्त मिळेल या आशेने सगळ्या चौकटींवर खूण केली जाते. बंदिस्त जागा (टाकीसारखी), उंचीवरचं काम, हॉट वर्क (वेल्डिंगसारखं ठिणग्यांचं काम), क्रेन: प्रत्येक खुणेमागे एक स्वतंत्र लेखी कार्यपद्धती, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि उपकरणांची तपासणीपत्रं मागितली जातात. आम्ही स्वतःच्या माणसांनी करतो तेवढंच निवडतो. क्रेन भाड्याने येत असेल तर ती उपठेकेदार या सदरात दाखवतो.

विकत घेतलेलं तयार सेफ्टी मॅन्युअल बहुतेक वेळा परत येतं. कारण साधं आहे: तपासनीस पुस्तकाची जाडी पाहत नाही, ठरावीक मुद्दे शोधतो. बंदिस्त जागेत ‘हवा तपासावी’ एवढं लिहून भागत नाही. आमच्या कार्यपद्धतीत प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला वायू पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांच्या आत, बाहेर एक माणूस सतत हजर, परमिट कोण देतो आणि आत माणूस पडला तर कोण कसा काढतो, हे सगळं नावानिशी आहे. किती उंचीपासून ते ‘उंचीवरचं काम’ धरायचं, ही मर्यादा कुठे १.२ मीटर, कुठे १.८, कुठे २ मीटर असते. ज्या कंपनीचं काम त्या कंपनीचा आकडा लिहावा. आयएसओ ४५००१ चं (कामाच्या जागेवरच्या सुरक्षा-व्यवस्थापनाचं) प्रमाणपत्र असेल तर काही प्रश्न हलके होतात, पण केवळ नोंदणीसाठी ते घेणं नऊ माणसांच्या फर्मला परवडत नाही, असं आमचं मत आहे.

लहान फर्मचं खरं नुकसान अपघाताच्या दरात होतं. टीआरआयआर, म्हणजे हा अपघाताचा दर, काढताना नोंदणीयोग्य घटनांना २,००,००० ने गुणून वर्षभरातल्या कामाच्या तासांनी भागतात. दोन लाख कुठून आले? १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. आता हिशोब पाहा. नऊ माणसांचे तास साधारण १८,०००. वर्षात एकच घटना घडली तरी दर ११.१ येतो. दहा लाख तास भरणाऱ्या मोठ्या ठेकेदाराकडे पाच घटना घडल्या तरी त्याचा दर १. एकट्या माणसाचे तास २,०००, म्हणजे एका घटनेला दर १००. यात निष्काळजीपणा किती आणि भागाकार किती, हे दर जास्त दिसला की प्रणालीच्या स्क्रीनवर लागणाऱ्या लाल रंगाला कळत नाही. म्हणून आम्ही तीन वर्षांत एकच घटना असेल तर तीन वर्षांचे ५४,००० तास धरून ३.७ हा दर सोबत देतो, घटनेचं कारण आणि नंतर केलेला बदल एका पानावर लिहितो, आणि माणसाने तपासावं अशी लेखी विनंती करतो. त्या विनंतीचा उपयोग होतो.

घटना लपवू मात्र नये. जखमेवर पट्टी बांधली किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तर ते प्रथमोपचारात मोडतं. टाके पडले की घटना नोंदवायची. तास मोजताना ओव्हरटाइम धरायचा, रजा आणि सुट्ट्या वगळायच्या. आणखी एक घोटाळा: काही ठिकाणी दर १०,००,००० तासांवर मागतात. तोच आकडा तिथे पाचपट दिसतो, आणि दोन रकाने उलटसुलट भरले तर अर्ज तिथेच अडकतो.

विम्याच्या प्रमाणपत्रात नाव अक्षरशः जुळावं लागतं. नोंदणीत ‘अँड कंपनी’ आणि पॉलिसीवर नुसतं फर्मचं नाव असलं तरी कागद परत. कंपनीचं नाव प्रमाणपत्रावर असणं आणि पॉलिसीत अतिरिक्त विमाधारक म्हणून असणं या दोन निराळ्या बाबी आहेत. दुसरीसाठी विमा कंपनीकडून वेगळी पुरवणी घ्यावी लागते. पॉलिसीची मुदत संपली की स्थिती आपोआप लाल होते, गेटपास थांबतात आणि झालेल्या कामाचं बिलही अडकू शकतं. आम्ही विमा एजंटला नूतनीकरणाचा कागद मुदतीच्या १५ दिवस आधी मागतो.

फीचा बोजा एका कामाच्या दरात टाकला तर तो दर हरतो. आम्ही ती वर्षाच्या ओव्हरहेडमध्ये (फर्मच्या सर्वसाधारण खर्चात) वाटतो आणि एक मर्यादा पाळतो: फी, विमा आणि तास मिळून त्या कंपनीकडून अपेक्षित कामाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त होत असतील तर नोंदणी करत नाही, ते काम आधीच यादीत असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली घेतो.

वर्गणी बऱ्याच ठिकाणी कार्डावरून आपोआप कापली जाते. ती तारीख येण्याच्या ६० दिवस आधी गेल्या बारा महिन्यांतल्या चौकशा आणि पीओ मोजतो. सलग दोन वर्षं शून्य असेल तर यादी सोडतो. सोडताना लेखी कळवतो, कार्ड काढून टाकतो आणि मंजूर झालेल्या सगळ्या कार्यपद्धती आधी उतरवून घेतो, कारण सदस्यत्व संपलं की लॉगिन बंद होऊ शकतं आणि तेच कागद पुढच्या कंपनीच्या नोंदणीला लागतात.