चार्टवर पल्स ८४

त्या रात्री ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून ड्युटी ताब्यात घेताना, मी आक्कांचा चार्ट दोनदा बघितला. चार दिवसांत बारा वेळा पल्स लिहिलेला, आणि बाराही वेळा ८२ नाहीतर ८४. न्यूमोनियाचा पेशंट, वय ६८, ताप १०२, नाकाला ऑक्सिजन, आणि नाडी ८४? ताप एक डिग्री चढला की नाडी साधारण दहाने वाढते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. हा आकडा कुणी मोजलेला नव्हता. वरच्या ओळीत बघून खालच्या ओळीत उतरवलेला होता.

मी सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला आहे, नोकरीला बावीस वर्षं झाली. रात्री बावीस पेशंटना दोन सिस्टर असतात, त्यामुळे नवीन मुलींना मी एका मर्यादेपर्यंतच बोलते. पण न मोजता पल्स लिहिणं मला सहन होत नाही. त्यापेक्षा रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना बघून पुढची बाई निदान मनगट तरी धरेल.

आक्का तासगाव तालुक्यातल्या. घरचे सगळे त्यांना आक्का म्हणत, मुलगासुद्धा, मग आम्हीही म्हणायला लागलो. मी जवळ गेले तर जाग्याच होत्या. म्हणाल्या, "बाई, भजनात नवा टाळकरी शिरल्यागत हुतंय छातीत. ताल म्हणून लागंना."

इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

बोटाला ऑक्सिमीटर लावला, त्यावर पल्स ९६. मनगट धरलं. एक ठोका, मग दोन घाईघाईत, मग रिकामी जागा, मग एक भरदार, मग एक असा की बोटाखाली आला की नाही तेच कळेना. दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. तिनं मनगट धरलं, मी छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि एकाच घड्याळावर दोघींनी पूर्ण एक मिनिट मोजलं. माझे १४८, तिचे ९४. मिनिटाला चोपन्न ठोके छातीतून निघत होते आणि मनगटापर्यंत पोचत नव्हते. याला पल्स डेफिसिट म्हणतात. हृदय इतकं घाईनं आकुंचन पावतं की मध्ये रक्त भरायला वेळच मिळत नाही, मग तो ठोका पोकळ जातो. बोटावरचं मशीन बोटापर्यंत पोचलेलंच मोजणार. १४८ त्याला कुठून दिसणार? आमच्या ट्यूटर मिरजेला शिकवताना म्हणायच्या, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं असेल तर नाडीला हात लावू नका. नाडी अशी विस्कटलेली असली की ते वाक्य पटतं. एका पाव मिनिटात वीस येतात, दुसऱ्या पाव मिनिटात तीस.

आरएमओंना, म्हणजे रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं. आधी म्हणाले, तापामुळे असेल. ईसीजीची पट्टी हातात आल्यावर काही बोलले नाहीत. पी वेव्ह, म्हणजे वरचे कप्पे नीट आकुंचन पावले की ठोक्याआधी उमटणारी छोटी लाट, कुठेच नव्हती, आणि कुठल्याही दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नव्हतं. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात, आणि त्यातले मिळतील तेवढे इशारे खालच्या कप्प्यांपर्यंत उतरतात, तेही कसेही. पोटॅशियम ३.१ निघालं. ताप, कमी ऑक्सिजन आणि कमी पोटॅशियम, तिन्ही एकदम.

उरलेली रात्र मी आयसीयूच्या सिस्टरबरोबर धावपळीत काढली. ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन द्यायचं ठरलं. हे औषध सलाईनमध्ये घालत नाहीत, डेक्स्ट्रोजमध्ये घालतात, आणि हाताच्या बारीक शिरेतून दिलं तर शीर भाजल्यासारखी लाल होऊन सुजते. आक्कांच्या शिरा आधीच अँटिबायोटिकनं संपवलेल्या. कोपरापाशी एक चांगली शीर सापडली आणि मी ती तीन दिवस जपली. तिसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटरवर पी वेव्ह दिसायला लागली. प्रत्येक ठोक्याआधी एक छोटा उंचवटा, ओळीनं. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

इथपर्यंतचं सगळं मी लोकांना अभिमानानं सांगायचे. या पुढचं आता लिहिते आहे.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग पन्नास टक्के होतं, ठीकच. पण डावा वरचा कप्पा मोठा झालेला. आक्कांवर उपचार करणारे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, हे दुखणं या न्यूमोनियात जन्मलेलं नाही, अधूनमधून येत असणार, आता ठोके सुरळीत दिसतात म्हणून सोडून चालणार नाही. मग पॅरालिसिसच्या धोक्याचा स्कोअर काढला: पासष्टच्या वरचं वय एक, बीपी एक, शुगर एक, बाईमाणूस एक. चार. म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी हवीच. या रोगात त्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळतं, गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन बसते. पॅरालिसिसचा धोका साधारण पाचपट होतो. त्यावर ॲस्पिरिन पुरत नाही. सरांनी एपिक्सॅबॅन लिहिलं, सकाळ-संध्याकाळ.

डिस्चार्जच्या दिवशी आमच्याकडे काय चालतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. विम्याचं अप्रूव्हल दुपारी येतं, खाली गाडी उभी असते, नवीन पेशंट त्याच खाटेसाठी कॅज्युअल्टीत बसलेला असतो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. त्यावर सहा औषधं, सगळ्यांपुढे एकच मजकूर, पंधरा दिवस, आणि खाली पंधरा दिवसांनी फेरतपासणी. बावीस वर्षांत मला एकही नातेवाईक भेटला नाही ज्याला ते कार्ड वाचता आलं.

आक्कांचा मुलगा सातवी शिकलेला, पण अतिशय नीट माणूस. दोन एकर द्राक्षबाग, सोनाका जातीची. मी त्याला बाजूला बसवलं, दुकानातून चाळीस पानी वही आणायला लावली, पट्टीनं रेघा मारून दिल्या. एपिक्सॅबॅनचं पाकीट हातात देऊन बजावलं, "ही गोळी संपली तरी बंद करायची नाही. एक वेळही चुकवायची नाही. चुकलात तर आक्कांची एक बाजू जाईल." त्यानं तीनदा मान हलवली. निघताना विचारलं, "सिस्टर, आक्काचं ठोकं आता बराबर हाईत न्हवं?"

मी म्हणाले, "हो, आता एकदम बरोबर आहेत."

एकोणचाळिसाव्या दिवशी आक्का व्हीलचेअरवरून आल्या. आडवं होताच येत नव्हतं, आठवडाभर भिंतीला टेकून झोपत होत्या. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहत होता. नाडी पुन्हा तशीच, छातीवर १५६. हातपाय, बोलणं, चेहरा सगळं शाबूत, पॅरालिसिसचं चिन्ह नाही. इकोत पंपिंग पंचवीस. श्वासाला आधार द्यायला बायपॅपचा मास्क लावला, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं लॅसिक्स चालू केलं, पहिल्या दिवशी लघवी चांगली झाली आणि मला वाटलं सुटतील. तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

हळूहळू उलगडलं. पंधरा दिवसांनी औषधं संपली तेव्हा बाग उतरायला आली होती. व्यापारी दारात, मजूर मिळत नव्हते, एक दिवस मोडून सांगलीला यायचं कसं? मुलानं मेडिकलमधून एपिक्सॅबॅन तेवढी आणली. मेटोप्रोलॉल, जी बीपीलाही देतात, ती आणली नाही. गावात बीपी तपासलं होतं, ११० आलं, मग बीपीची गोळी कशाला? ती गोळी आक्कांना ठोक्यांचा वेग आवरायला दिली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठोके कधीतरी परत विस्कटले, आणि आठवडे तसेच धावत राहिले. हृदय तसं धावत राहिलं की त्या वेगानंच त्याचा स्नायू ढिला पडतो. आक्कांना आधी दम, मग सूज. घरच्यांना वाटलं न्यूमोनियाचा अशक्तपणा आहे.

नंतर मी सरांना विचारलं की आपण पॅरालिसिसचंच एवढं भय का घालतो. त्यांनी मला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१६ सालचा एक अभ्यास काढून दाखवला. सत्तेचाळीस देशांमधले १५,४०० रुग्ण, सगळे एट्रियल फिब्रिलेशन असलेले, इमर्जन्सीत आलेले. वर्षभरात ११ टक्के गेले. त्या मृत्यूंमध्ये पॅरालिसिसमुळे झालेले ८ टक्के होते, हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदय थकून, झालेले ३० टक्के. मी ती ओळ परत परत वाचली. पॅरालिसिसची गोळी निर्विवाद हवी, तिच्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी त्या माणसाला एकाच दरवाज्यावर पहारा द्यायला बसवलं होतं.

न मोजता ८४ लिहिणाऱ्या मुलींवर मी त्या महिन्यात मीटिंगमध्ये बोलले होते, आवाज चढवून. एक तर रडली. त्या चार दिवसांत काय घडायचं राहिलं किंवा काय बिघडलं ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी रकाना खोटा भरला, आणि मी एक रकाना आखलाच नाही.

बॉडी ताब्यात घ्यायच्या आधी मुलगा वॉर्डात आला. चिडलेला नव्हता. वही पुढे केली आणि म्हणाला, "बघा सिस्टर, एक सुदीक चुकवली न्हाई. मग झालं कशानं?" मी पानं उलटली. निळ्या पेनानं एकोणचाळीस दिवसांच्या बरोबरच्या खुणा, एकही सुटलेली नाही, बागेत रात्र काढली त्या दिवशीची खूण बायकोनं केलेली, तिचं अक्षर वेगळं. माझ्या पट्टीनं मारलेल्या रेघा अजून सरळ होत्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ. सूज, वजन, दम, नाडी यांतलं काही लिहायला तिथं जागा नव्हती, आणि मी त्याला उभ्या उभ्या हृदय थकतं म्हणजे काय ते सांगायला लागले.