एक टक्क्याचे पेढे

आमच्या लेखन-साहाय्य कक्षात पीएच.डी.ची मुलं येतात ती बहुतेक रडकुंडीला आलेली असतात. ही मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "मॅडम, एक टक्का!" समानता तपासणीचा, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळतो हे सॉफ्टवेअरने मोजल्याचा अहवाल तिने माझ्यापुढे ठेवला. खरंच एक टक्का. दहा टक्क्यांपर्यंत काही कारवाई होत नाही, म्हणजे पोरगी सुटलीच.

पण मला तो आकडा पचेना. प्रबंध होता मावळ-मुळशीतल्या जात्यावरच्या ओव्यांवर. असल्या प्रबंधात पानापानावर ओव्या असणारच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखभर ओव्यांपैकी कितीतरी आज इंटरनेटवर वाचायला मिळतात. त्यांतली एकही सॉफ्टवेअरला सापडू नये?

"टाइप कुठे करून घेतलंस?"

"अप्पा बळवंत चौकात. डीटीपीवाल्या काकांकडं."

मी तिच्या फाइलमधला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाकला. मराठीचा मागमूस नाही! इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, मध्येच एखादा आकडा. तिला वाटलं व्हायरस आला.

तसं काही नव्हतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीचे जे मराठी फाँट आहेत, त्यांत अक्षर दिसतं 'क', पण फाइलमध्ये साठवलेलं असतं भलतंच, एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. छापलं की सुंदर मराठी. सॉफ्टवेअर मात्र छपाई बघत नाही, आतली चिन्हं वाचतं. तो सगळा गाळ जगात दुसऱ्या कुणी लिहिलेला नसणार, म्हणून साम्य नाही. काकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं काम छापील पान देखणं करण्याचं.

फाइल युनिकोडमध्ये आणणं हे वेगळंच खातं. रूपांतर होतं, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी नको तिथे उडी मारते. ते निस्तरून ग्रंथालयातून पुन्हा तपासणी करून घेतली. अडतीस टक्के.

ती मटकन खालीच बसली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम तिला पाठ होते. दहाच्या वर आणि चाळीसपर्यंत साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध पुन्हा द्यायचा. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नशीब, हा अजून कच्चा मसुदा होता. मैत्रिणीने लगेच 'टक्का कमी करून देतो' म्हणणाऱ्या कुणाचा तरी नंबर पाठवला. असले लोक समानार्थी शब्द कोंबून वाक्याचा पार चुथडा करतात, आणि पैसे घेतात ते वेगळेच. मी तो नंबर तिला पुसायला लावला आणि अहवालातले रंगीत डाग एकेक करून बघायला बसवलं.

निम्म्याहून जास्त रंग ओव्यांचाच होता. स्रोतासह दिलेली अवतरणं नियमानुसार मोजायची नसतात, पण तिने ओव्या नुसत्या पानाच्या मध्यभागी मांडल्या होत्या, अवतरणचिन्हांशिवाय. यंत्राला कसं कळणार? संदर्भसूचीही मोजली गेली होती. हे सगळं वजा झालं, तरी दुसरं प्रकरण, पूर्वसंशोधनाचा आढावा, लालभडक ते लालभडकच. शोधगंगेवरच्या, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावरच्या, एका जुन्या प्रबंधातली सलग पानं त्यात उतरली होती.

"पण मॅडम, खाली नाव दिलंय ना त्यांचं."

नाव दिलं की उतरवायला मोकळे, ही समजूत पक्की असते; चांगले गाइडसुद्धा तिला धक्का लावत नाहीत. मी लॅपटॉप मिटला. "आता सांग, त्या संशोधकाचं म्हणणं काय?"

"ते म्हणतात, पिठाची गिरणी आली, जातं बंद पडलं, ओवी संपली."

"पटतं तुला?"

"छ्या! संपली कुठं? आमच्याकडं लग्नात घाणा भरताना, हळद दळताना बाया म्हणतातच की. नवीन पण जोडतात. एका आजींनी तर नातसुनेच्या स्कूटीवर ओवी केली होती. मी रेकॉर्ड केलंय ना!"

"कुठंय ते?"

"चौथ्या प्रकरणात."

म्हणजे दुसऱ्या प्रकरणात ही बाई स्वतःच्या आवाजात सांगत होती की ओवी संपली, आणि चौथ्यात पंचवीसेक पानं नव्या ओव्यांची. दोन्ही प्रकरणं गाइडनी वाचलेली, तिनेही वाचलेली. उसन्या परिच्छेदांखाली तिचा स्वतःचा निष्कर्षच गाडला गेला होता. टक्क्यांपेक्षा मला हे जास्त लागलं.

"आत्ता बोललीस ना, तेच लिही. आधी त्यांचं म्हणणं, मग तुझं 'छ्या'."

"छ्या लिहू?"

"'छ्या' नको. पण त्याच ठसक्यात."

तिने तिथेच फोनवर मराठी कीबोर्ड उघडला आणि अंगठ्याने टाइप करायला लागली. पहिलं वाक्य आलं: 'गिरणीमुळे रोजचे दळण थांबले हे खरे, परंतु ओवीची जागा बदलली, ती थांबली नाही.' हे वाक्य कुठल्याही शोधगंगेत नव्हतं.

प्रबंध दोन महिने लांबला, घरचे वैतागले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साम्याचा आकडा विचारलाच नाही. सगळा वेळ घाण्याच्या ओव्यांवर गेला, आणि स्कूटीची ओवी तर त्यांनी दोनदा म्हणायला लावली.