मेक म्हणतं, काम झालंय!

आमच्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी शे-दीडशे फोटो आले होते, एकेक चार-पाच एमबीचा. अपलोडची मर्यादा 200 केबी. त्यात रोज नवे फोटो येतच होते, म्हणून काम 'मेक'वर सोपवलं; ठरवून दिलेल्या कमांड गरजेपुरत्या चालवणारा हा प्रोग्रॅम. जो फोटो नवा किंवा बदललेला, तेवढाच ते पुन्हा छोटा करतं. मूळ फोटोंचा एक फोल्डर, छोट्यांचा एक, मध्ये फोटो छोटे करणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची एक ओळ. पटकन जमलं.

काही फोटो तरी 200 च्या वरच राहिले. क्वालिटी 85 वरून 60 केली, मेक चालवलं. उत्तर आलं, 'नथिंग टू बी डन फॉर ऑल', म्हणजे करण्यासारखं काहीच नाही. अरे, कसं काय नाही? आकडा बदललाय की! फाइल सेव्ह झाली का ते पाहिलं, टर्मिनल बंद करून उघडलं, पुन्हा तेच थंड उत्तर.

मेक फक्त वेळ बघतं. छोटा फोटो मूळ फोटोपेक्षा नंतर तयार झालेला असला की त्याच्या लेखी विषय संपला. छोट्याचा आकार किती, हे ते बघत नाही आणि कमांड बदलली हे तर त्याच्या गावीही नसतं. बेल लॅब्समध्ये 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं, तेव्हापासून हिशेब हाच. हे कळल्यावरही माझी चिडचिड गेली नाही. निदान एक इशारा तरी द्यावा!

घाई असेल तर कॅपिटल बी हा पर्याय देऊन सगळंच नव्याने करून घ्या. मी मात्र मेकफाइललाच, म्हणजे ही कमांड जिच्यात लिहिलेली असते त्या फाइललाच, प्रत्येक फोटोची डिपेंडन्सी केलं; ती बदलली की छोटा फोटो जुना ठरतो. आता आकडा बदलला की सगळे फोटो आपोआप पुन्हा होतात. फक्त कमांडमध्ये डॉलर-कॅरेट (सगळ्या डिपेंडन्सी) नको, डॉलर-लेसदॅन (फक्त पहिली, म्हणजे मूळ फोटो) वापरा. नाहीतर मेकफाइलसुद्धा फोटो समजून इमेजमॅजिकच्या हाती जाते.

खरं तर क्वालिटीशी खेळायची गरजच नव्हती. इमेजमॅजिकच्या 'जेपेग एक्स्टेंट'ला 200 केबी सांगितलं की बसेल ती क्वालिटी ते स्वतःच शोधतं. आधी रुंदी 1600 पिक्सेलवर आणा, म्हणजे चेहरे फार खराब होत नाहीत. मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, काढणार असाल तर फोटो सरळ करणारा 'ऑटो-ओरिएंट' हा पर्याय त्याआधी द्या, नाहीतर उभे फोटो आडवे होतात.

चॅटमधून उतरवलेल्या फोटोंच्या नावातल्या स्पेस मात्र आधीच काढून टाका. मेक एका नावाच्या चार फाइली समजतं.