वास येतो का, हेही विचारा

कुष्ठरोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झडलेली बोटं येतात. खरं तर बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला चटका बसतो, पायात काटा मोडतो, कळत नाही. मग जखम चिघळते, हाड झिजतं आणि बोट आखूड होत जातं. हे समजावून सांगत आम्ही आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरोघरी फिरतो, आणि आता बऱ्याच घरांत ते पोचलंही आहे. नाकाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. या आजारात काहींचा वासच जातो, आणि ज्याचा जातो त्याला ते कुणाला सांगायचंसुद्धा सुचत नाही.

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात आशा आहे. ज्या मावशींबद्दल इथे लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव तेवढं लिहू नको म्हणाल्या. "गावाले ठाऊक आहे, बाहेरच्याईले कायले सांगतं?"

सप्टेंबर 2020 मध्ये 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्ही तापाचं मशीन आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार जात होतो. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, तोंडाला चव आहे का, वास येतो का. मावशी ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. वासाचं विचारलं तर सुपावरून नजर न उचलता म्हणाल्या, "वास? तो तं माह्या लहान्याच्या लग्नाच्या आंधीच गेला."

ताप नव्हता, ऑक्सिजन चांगला होता. करोनाचं काहीच नव्हतं. पण लहान्याचं लग्न होऊन त्याचा मुलगा शाळेत जायला लागला होता. एवढी वर्षं ही बाई वासाशिवाय स्वयंपाक करते आहे, आणि हे तिच्या सुनेलाही ठाऊक नाही.

मग सगळं बोलणं निघालं. आजाराची सुरुवातच त्यांच्या नाकापासून झाली होती. सदा नाक चोंदलेलं, आत खपल्या, शिंकरलं की रक्ताचा डाग. सर्दी म्हणून कितीतरी गोळ्या खाल्ल्या. अंगावरचे चट्टे, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, विरळ झालेल्या भुवया हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, पाकिटं सुरू झाली. बारा महिने त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. त्यातल्या एका औषधाने अंग काळं पडतं. मावशींचंही पडलं आणि हळूहळू निवळलं. जंतू मेले, आजार गेला. नाकाचा दांडा थोडा बसला तो बसलाच, आणि वास काही आला नाही.

असं का होतं, ते आमच्या तालुक्याच्या कुष्ठरोग तंत्रज्ञ दादांनी मला समजावलं. या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो. म्हणून तो कातडीत, कानाच्या पाळीत, हातापायाच्या नसांत घर करतो. नाक तर दर श्वासाला आत येणाऱ्या हवेने गार होतं. ज्यांच्या अंगात जंतू जास्त असतात, त्यांच्या नाकाचं आतलं अस्तर सुजतं, मग सुकतं, खपल्या धरतात, आणि पुढे मधला पडदा झिजून त्याला भोकही पडू शकतं. वास ओळखणारी जागा नाकात अगदी वर असते. तिथपर्यंत हवा नीट पोचत नाही, आणि तिथल्या नाजूक भागालाही इजा होऊ शकते. औषध जंतू मारतं, पण झिजलेलं सगळं भरून येतंच असं नाही.

दादांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगाची पडली. फोडणीत मिरची पडली की ठसका लागतो, तो वास नव्हे. मिरची, कापूर, निलगिरी यांची झणझण चेहऱ्याची वेगळी नस पकडते. त्यामुळे कित्येकांना वाटतं आपल्याला वास येतो. मावशींनाही सुरुवातीला वाटायचं, ठसका लागते म्हणजे नाक चालू आहे. पारख करायची तर झोंबत नाही असं काहीतरी हवं. मी त्यांना डोळे मिटायला लावून वेलची सोलून नाकाखाली धरली. काही नाही. अंगाचा साबण धरला. काही नाही. मग मिरचीपुड धरली, तर मान मागे घेतली आणि म्हणाल्या, "हे तिखट होय." सून दारात उभी राहून बघत होती.

आता सुनेचं सांगते, कारण माझ्या लेखी खरं दुखणं तिथे होतं.

मावशींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जुनी जखम आहे. ती भरते, उकलते, पुन्हा भरते. बधिर पायाला अशी जखम सहज होते, त्यासाठी एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल मिळते, पण शेतात चिखलात ती चप्पल कोण घालतं? पावसाळ्यात जखम चिघळली की तिला वास सुटतो. घरात शिरलं की कळतो. मावशींना कळत नाही. त्या रोज आंघोळ करतात, पाय धुतात, धुतलेल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. आपण स्वच्छ आहोत असंच त्यांना वाटणार, आणि ते खरंही आहे. सुनेला मात्र वाटायचं, बाई मुद्दाम घाण ठेवते. आधी खाट पडवीत गेली. मग ताट वेगळं झालं. नातवाला "आजीजवळ जाऊ नको" झालं. मावशींना वाटलं, बारा महिने गोळ्या खाऊनही या पोरीच्या मनातला महारोग गेला नाही.

दोघीही चुकीचं समजून बसल्या होत्या आणि दोघींपैकी कुणी वाईट नव्हती. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मले वाटे त्याईले समजते अन् तरी करत नाही." तिचे डोळे भरले होते. हे मी तिच्या परवानगीने लिहिते आहे.

गोळ्या सुरू केल्या की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचं भय उरत नाही. वर्ध्याच्या माणसाला हे नव्याने सांगायला लागू नये खरं तर. 1936 साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं ते इथेच. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची कुटी आजही उभी आहे, गांधीजी स्वतः त्यांना मालीश करायचे. एमडीटी देशात पहिल्यांदा ज्या थोड्या जिल्ह्यांत आली त्यांत वर्धा होता. इतकं सगळं ज्या मातीत झालं, त्या मातीत एका घरातली खाट एका वासापायी पडवीत जावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि वास नसण्याचा धोका केवढा! 2016 पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, चुलीच्या धुरातून बायका सुटल्या. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे सगळी राखण नाकाच्या भरवशावर. एका दुपारी मावशींनी वरण ठेवलं, ते उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला. मावशी तिथेच शेजारी बसून लसूण सोलत होत्या. नातू शाळेतून आला आणि उंबऱ्यातच ओरडला, म्हणून बरं. पोरगं शहाणं, त्याने विजेच्या बटणाला हात न लावता आधी रेग्युलेटर बंद केला आणि आजीला ओढत बाहेर काढलं.

शेतातही तेच. आमच्याकडे कपाशीच्या फवारणीला पाणी वाहून देणं आणि बहुतेक वेळा औषध कालवणंही बायकांकडे असतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. औषधाचा उग्र दर्प आला की माणूस तोंड फिरवतो, वाऱ्याची दिशा बघतो. ज्याला दर्पच येत नाही आणि हाताला सांडलेलंही कळत नाही, त्याने काय बघायचं? सध्या गोळ्या सुरू असलेला एक तरुण मुलगा आहे गावात. नाक सारखं चोंदलेलं असतं म्हणतो. फवारणीला इतर कामापेक्षा मजुरी जास्त, त्यामुळे तो ऐकेना. त्याच्या आईला बसवून सांगितलं तेव्हा कुठे तो या हंगामात डवरणीला गेला.

शिळं-आंबलं हा रोजचा प्रश्न. उन्हाळ्यात सकाळचं वरण संध्याकाळपर्यंत उतरतं. जिभेला आंबट कळतं, पण तोवर घास तोंडात गेलेला असतो. आणि जेवणातली मजा म्हणाल तर जिभेला फक्त खारट, तिखट, आंबट, गोड, कडू. अंबाडीची भाजी आणि चिंचेचं सार त्यांना सारखंच लागतं. मावशी मीठ-तिखट वाढवत गेल्या होत्या, त्यावरूनही घरात भांडणं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, मावशी, कशाचा वास आठवतो? मला वाटलं पहिल्या पावसात काळ्या मातीचा म्हणतील, मोहाचा म्हणतील. त्या म्हणाल्या, "नातू झाला तं टाळूले तेल लावून सारेजन हुंगत. मी बी नाक लावलं. काहीच नाही माय." आणि सूप उचलून आत गेल्या.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. खाट माजघरात आली. पायाची जखम रोज संध्याकाळी सून बघते. वास आला तर भांडण न करता सरळ सांगते, आणि मला फोन करते. गॅसचा रेग्युलेटर बंद करायचं काम नातवाकडे. उरलेलं अन्न आधी दुसऱ्या कुणीतरी हुंगायचं, मग मावशींनी खायचं. नाकासाठी उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून दोन वेळा धुणं, खपल्या नखाने न काढणं. दुपारी झोपताना मच्छरदाणी, कारण अशा कोरड्या, खपल्या धरलेल्या नाकात माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात, तरी माणसाला पत्ता लागत नाही. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण सांगावं लागतंच.

माझ्या वहीत मी नाकासाठी वेगळा रकाना आखला आहे. चट्टा बघताना, हातापायाची ताकद बघताना विचारते: नाक सतत चोंदतं का, रक्त येतं का, वास येतो का? पिशवीत वेलची आणि साबणाची वडी असते. 30 जानेवारीच्या सुमारास कुष्ठरोगाची जनजागृती होते, तेव्हा ग्रामसभेत यंदा नाकाबद्दल बोलायचं ठरवलं आहे. तुमच्यापैकी कुणी आशा, सिस्टर, तंत्रज्ञ असाल तर जुन्या, औषध पूर्ण झालेल्या रुग्णांनाही विचारा. गोळ्या संपल्या की आपण त्यांच्याकडे जाणं कमी करतो, आणि ही माणसं तर त्यानंतरच जास्त एकटी पडतात.

मावशींना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे सेवाग्रामला न्यायचं आहे. पडदा शाबूत आहे का ते बघतील, खपल्या आणि रक्त थांबायला काही देतील. वास परत येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. मावशी म्हणतात, कापसाचा वेचा सोडून येत नाही. सून म्हणते, संक्रांत झाली की मीच घेऊन येते, तुम्ही फक्त ओपीडीचा वार सांगा.