प्रवास मोजताना: प्वासाँ का पुरेना

माणूस दिवसाला किती वेळा प्रवास करतो, हे त्याचं वय, नोकरी, घरातली वाहनं यांवरून सांगणारं मॉडेल मला बसवायचं होतं. डेटा सर्वेक्षणातल्या प्रवास-डायऱ्यांचा. मोजलेला आकडा म्हटलं की आधी प्वासाँ रिग्रेशन (0, 1, 2 अशा मोजणीच्या आकड्यांसाठीची नेहमीची सांख्यिकी पद्धत), म्हणून तिथूनच सुरुवात केली.

प्वासाँमध्ये सरासरी 3 असेल, तर 2 प्रवास करणारे आणि 3 करणारे अगदी सारखे निघतात, प्रत्येकी सुमारे 22 टक्के. 1 वाले 15 टक्के, 0 वाले 5 टक्के. माझा आलेख मात्र उंटाच्या पाठीसारखा: 2 वर उंचवटा, 4 वर उंचवटा, 3 वर खळगा आणि 1 वर जवळपास कोणीच नाही. कारण उघड आहे. कामावर गेलेला माणूस घरी परततोच. जाणं एक, येणं दोन. प्वासाँ प्रत्येक प्रवास स्वतंत्र घटना मानतं. इथे पहिला प्रवास दुसऱ्याला सोबत घेऊनच येतो.

प्वासाँ व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा, सरासरीइतकाच धरतं. माझ्याकडे तो जास्त होता, म्हणून जास्तीचा पसारा चालवून घेणारं निगेटिव्ह बायनॉमियल लावून पाहिलं. पसारा सावरला, खळगा तसाच. मग मोजायचं एककच बदललं: घरातून निघून घरी परतेपर्यंत एक फेरी.

शून्याचा प्रश्न उरला. झीरो-इन्फ्लेटेड प्वासाँ, म्हणजे काहींचं उत्तर कायम शून्यच असतं असं धरणारं मॉडेल, 1992 साली डायन लॅम्बर्ट यांनी कारखान्यातल्या सदोष मालासाठी मांडलं. यंत्र अगदी नीट चालत असेल, तर दोष जवळजवळ येतच नाही, हे तिथे पटतं. पण कधीच घराबाहेर न पडणारी माणसं अशी किती? बहुतेकांचं शून्य त्या एका दिवसापुरतं. शिवाय प्रश्नावली लवकर आटपावी म्हणून ‘कुठे गेलोच नाही’ म्हणणारेही असतात (त्यांना दोष तरी काय द्यायचा!). म्हणून मी हर्डल मॉडेल घेतलं: आधी बाहेर पडला की नाही, पडला असेल तर किती फेऱ्या. उत्तर स्वतः दिलं की घरातल्या दुसऱ्याने, हेही चल (व्हेरिएबल) म्हणून घातलं. दुसऱ्याच्या वतीने सांगताना पायी मारलेल्या छोट्या चकरा हमखास गळतात.

एकाच घरातली माणसं एकमेकांवर अवलंबून, म्हणून घरागणिक रँडम इफेक्ट, म्हणजे त्या घराचा स्वतःचा कमी-जास्तपणा, दिला.

नियोजनाला मात्र शेवटी प्रवासांचाच आकडा लागतो. मग फेरीत किती टप्पे, याचं वेगळं मॉडेल आलं. मुलाला शाळेत सोडून पुढे कामावर जाणाऱ्या आईचे 3 प्रवास त्यात एकदाचे नीट बसले.