तीन भोकं आणि एक फाटका कोपरा

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका फ्रेमिंगच्या दुकानात मी काम करते. गेल्या हिवाळ्यात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ पुठ्ठ्याची नळकांडी घेऊन आले. आत चित्रकार व्हिक्टर मोस्कोसोचं 1967चं पोस्टर होतं, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॅट्रिक्स या संगीताच्या क्लबमधल्या कार्यक्रमांसाठी केलेल्या ‘निऑन रोझ’ मालिकेतलं.

टेबलावर पसरलं आणि डोळे चुरचुरायला लागले. भडक लाल अक्षरं, मागे तितकाच भडक निळा. दोघांची गडदता जवळजवळ सारखी, त्यामुळे कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो हे नजरेला ठरवताच येत नाही. कडा नुसत्या थरथरतात. मुंबईत अप्लाइड आर्ट शिकताना आम्हाला घोटवून घेतलं होतं की धावत्या बसमधल्या माणसालाही पोस्टर वाचता आलं पाहिजे. मोस्कोसो येल विद्यापीठात रंगांचे जाणकार जोसेफ अल्बर्स यांच्या हाताखाली शिकलेला. कोणते रंग शेजारी ठेवू नयेत हे त्याला पक्कं ठाऊक, आणि त्याने नेमके तेच ठेवले. त्या वेळच्या पोस्टरवाल्या मंडळींना एकंदरीत नियमांचं वावडंच होतं म्हणा. केली आणि माऊस या चित्रकार जोडीने तर ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या पोस्टरसाठी उमर खय्यामच्या रुबायतच्या एका जुन्या आवृत्तीतला, एडमंड सलिव्हनने काढलेला सांगाडा उचलला, रंगवला, भोवती अक्षरं बसवली, झालं.

पावतीवर वर्णन लिहायचं होतं आणि मला बँडचं नाव काही लागेना. शेवटी ड्रॉवरमधली लाल पारदर्शक फाइल काढून डोळ्यांपुढे धरली. निळं काळं पडलं, लाल उजळलं, अक्षरं सुतासारखी सरळ! मी खूश. गृहस्थ म्हणाले, “ही कॉपी झाली. आम्ही फुटपाथवर उभे राहून वाचायचो. दहा मिनिटं लागली तर लागली.”

पुढचं काम नेहमीचं. गव्हाची खळ शिजवली, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी पोस्टर वरच्या कडेला टांगलं, अतिनील किरण अडवणारी काच निवडली. पोस्टरच्या तीन कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं होती आणि चौथा कोपरा फाटलेला. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी मी बेताने कापली, सगळं झाकलं गेलं. स्वतःवरच खूश होऊन फोन केला.

ते आले, फ्रेमकडे पाहिलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, “माझी भोकं कुठे गेली?”

चूक माझीच होती, विचारायला हवं होतं. फ्रेम उघडली. नवा माउंट कापला, खिडकी पोस्टरपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठी, म्हणजे कागद कडेपर्यंत उघडा. खाली पातळ फोमबोर्डचा उठाव दिला. तासभर गेला. ते स्टुलावर बसून होते. विसाव्या वर्षी लाँड्रीच्या दारावरून हे पोस्टर स्वतः काढलं होतं, म्हणाले.

“तीन टाचण्या नीट काढल्या,” फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवत ते म्हणाले. “इथे आलो आणि आत दिवा लागला.”