कंबोडियाची रिकामी खुर्ची

संयुक्त राष्ट्रांत देशाच्या खुर्चीवर कोण बसणार, याचा फैसला राजधानीत होत नाही, कागदावर होतो. राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री, यांपैकी एकाच्या सहीचं अधिकारपत्र अधिवेशनाच्या आठवडाभर आधी सरचिटणीसांकडे द्यायचं. नऊ देशांची समिती ते तपासते, शेवटचा शब्द आमसभेचा. हरकत आली तरी निकाल लागेपर्यंत तो प्रतिनिधी तात्पुरता बसतो, बोलतो, मतही देतो. म्हणून घोळ लांबला की तो सहसा आधीपासून बसलेल्याच्या पथ्यावर पडतो.

जानेवारी 1979 मध्ये व्हिएतनामी फौजांनी कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉटला राजधानी नोम पेन्हमधून हुसकावलं. तरी सप्टेंबरात समितीने 6 विरुद्ध 3 आणि आमसभेने 71 विरुद्ध 35 मतांनी (34 तटस्थ) त्याच्या कम्युनिस्ट संघटनेचं, ख्मेर रूजचंच पत्र मान्य केलं. परकी फौजेने बसवलेलं सरकार स्वीकारलं तर पायंडा पडेल, हा युक्तिवाद. त्यामागे चीन, अमेरिका आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाचं राजकारण. भारताने 1980 मध्ये नोम पेन्हच्या सरकारला मान्यता दिली, पण खुर्ची हलली नाही.

1982 मध्ये माजी राजे सिहानूक, माजी पंतप्रधान सोन सान आणि ख्मेर रूज यांची नोम पेन्हच्या सरकारविरुद्ध आघाडी झाली. अध्यक्ष सिहानूक, पंतप्रधान सोन सान; परराष्ट्र व्यवहार मात्र ख्मेर रूजच्या ख्यू साम्फानकडे, आणि न्यूयॉर्कमधला राजदूतही त्यांचाच. खातेवाटपात मेख असते ती अशी.

1990 च्या सप्टेंबरात जकार्तात तोडगा निघाला: 12 जणांची सर्वोच्च राष्ट्रीय परिषद, नोम पेन्ह सरकारचे पंतप्रधान हुन सेन यांच्या बाजूला 6 जागा, आघाडीतल्या तीन गटांना दोन-दोन. आकडे जुळले, अध्यक्ष जुळेना. सिहानूक तेरावे म्हणून आले तर तोल जातो, मग आम्हालाही आणखी एक जागा द्या, असं हुन सेन यांच्या बाजूचं म्हणणं. बँकॉकची बैठक फिसकटली आणि त्या वर्षी खुर्ची रिकामीच राहिली.

जुलै 1991 मध्ये सिहानूक अध्यक्ष झाले, तेव्हा गाडी रुळावर आली. ऑक्टोबरच्या पॅरिस करारात खुर्ची परिषदेची, असं स्पष्ट लिहिलं. परिषदेत एकमत झालं नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनाला काय सल्ला द्यायचा ते सिहानूक ठरवतील, हेही. जकार्तात नेमकं हेच कलम हवं होतं.

जुलै 1997 मध्ये हुन सेन यांनी सहपंतप्रधान रणरिद्ध (सिहानूकांचे पुत्र) यांना सत्तेबाहेर काढलं आणि पुन्हा दोन दावेदार उभे राहिले. समितीने निर्णयच पुढे ढकलला. या वेळी तात्पुरतंही कोणाला बसू दिलं नाही. नवं आघाडी सरकार येईपर्यंत, म्हणजे डिसेंबर 1998 पर्यंत, खुर्ची रिकामी.